वॉकी-टॉकीला स्पीकर माइक: सेट उंच ठेवा, माइक तोंडाशी आणा

वॉकी-टॉकी घेतला की पुढची खरेदी बहुतेक वेळा स्पीकर माइकचीच असते. पोलिसांच्या खांद्यावर, फायर ब्रिगेडच्या जवानांच्या छातीशी तो गुंडाळीच्या वायरचा माइक आपण सगळ्यांनी बघितलेला असतो आणि आपल्याकडेही असावा असं वाटतं. मग तो येतो, लावला जातो, सेट जातो कमरेच्या पट्ट्याला आणि तासाभरात तक्रार सुरू होते की माइक लावल्यापासून रेंजच गेली राव. खरं म्हणजे माइकने रेंज जात नाही आणि वाढतही नाही, रेंज गेली ती सेट कमरेला गेल्यामुळे. अँटेना अंगाला चिकटली, अर्धी शर्टाखाली गेली, आणि आपलं शरीर म्हणजे बरंचसं पाणीच, ते सिग्नल जिरवतं. त्यातून तुम्ही ज्याच्याशी बोलताय तो तुमच्या दुसऱ्या बाजूला असेल तर सिग्नलला अख्ख्या अंगातून वाट काढायला लागते.

स्पीकर माइकचा खरा उपयोग नेमका याच्या उलट आहे. माइक नसतो तेव्हा सेट तोंडाशी आणावाच लागतो, म्हणजे अँटेना कुठे राहणार ते तुमचं तोंड ठरवतं. माइक आला की ही दोन कामं सुटी होतात: सेट अँटेनाला चांगलं पडेल तिथे ठेवायचा, उंच, उभा, अंगापासून सुटा, आणि माइक तोंडाला आणि कानाला चांगलं पडेल तिथे. एवढं कळलं की बाकीचं सगळं सवयीचं आहे. ट्रेकला लीड (सगळ्यात पुढचा) किंवा स्वीप (सगळ्यात मागचा) म्हणून जाणारे, मॅरेथॉनला आणि विसर्जन मिरवणुकीला स्वयंसेवक म्हणून उभे राहणारे, आणि नुकतंच हॅम, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स मिळालेले लोक डोळ्यांपुढे ठेवून हे लिहितोय.

लायसन्सचं आधी बोलून घेऊ

हे टाळता येत नाही. ऑनलाइन मिळाला म्हणून कुठलाही सेट कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर वापरता येत नाही. हॅम सेटवरून बोलायचं तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या वायरलेस शाखेची परीक्षा देऊन स्वतःचं लायसन्स आणि कॉलसाइन (हवेवरचं ओळखीचं नाव) लागतं, आणि मग आपल्याकडे व्हीएचएफ आणि यूएचएफ या फ्रिक्वेन्सीच्या दोन पट्ट्यांत अनुक्रमे १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ ही जागा वापरता येते. मित्राचं लायसन्स आहे म्हणून त्याच्या ग्रुपने बोलायचं असं चालत नाही, आणि हॅम लायसन्सवर पैसे घेऊन इव्हेंटही चालवता येत नाही. लायसन्स नसलेल्या ग्रुपने ४४६ मेगाहर्ट्झवाले कमी ताकदीचे लायसन्स-फ्री सेट घ्यावेत, तेही सरकारी मान्यता असलेले, नाहीतर ज्या डीलरकडे फ्रिक्वेन्सीची परवानगी आहे त्याच्याकडून भाड्याने आणावेत. स्पीकर माइक या सगळ्यांना लागतो, पुढचं सगळ्यांच्या कामाचं आहे.

पिन कुठली, ते बघूनच माइक घ्या

बाजारात सगळ्यात जास्त दिसते ती केनवूड टू-पिन. एक ३.५ मिमीची पिन, एक २.५ मिमीची, दोन्ही एकाच प्लास्टिकच्या ठोकळ्यात. बाओफेंग यूव्ही-५आर, वूक्सन, टीवायटीचे बरेच सेट आणि खुद्द केनवूडचे बरेच सेट हीच घेतात. आता गंमत अशी की मोटोरोलाच्या काही सेटना पण दोन पिनाच असतात, त्याही ३.५ आणि २.५च्याच, पण अंतर वेगळं आणि आतली जोडणी वेगळी. आयकॉमचं आणखी वेगळं. येसूच्या एफटी-६०ला एकच ३.५ मिमीची पिन, पण तिच्यावर चार पट्टे. मोठ्या डिजिटल सेटना बाजूला सोनेरी ठिपक्यांची पट्टी असते आणि माइक स्क्रूने आवळतात. तेव्हा दुकानात "टू-पिनवाला द्या" म्हणू नका, सेटचं मॉडेल सांगा, शक्य असेल तर सेटच घेऊन जा आणि तिथेच लावून बघा. पिन आत जाते म्हणजे चालतेच असं नाही, जोर लावून बसवलेला चुकीचा माइक सेटला आपोआप ट्रान्समिटवर (सिग्नल पाठवायच्या अवस्थेत) टाकू शकतो.

केनवूड पिनमध्ये पीटीटी, म्हणजे दाबून बोलायचं बटण, कसं काम करतं ते थोडं समजून घ्या, कारण पुढची निम्मी दुखणी इथूनच येतात. पिनेचा मुळाकडचा भाग असतो ना, ज्याला स्लीव्ह म्हणतात, तर दोन्ही पिनांच्या स्लीव्ह एकमेकींना जोडल्या गेल्या की सेट ट्रान्समिटवर जातो. माइकवरचं बटण एवढंच करतं. म्हणजे पिनेच्या मुळाशी पाणी, घाम, चिखल साचला, किंवा पिन अर्धवट बसली, तर बटण न दाबताही सेट बोलायला लागू शकतो. आणि पिन पूर्ण आत गेली की सेटचा स्वतःचा स्पीकर बंद होतो, आवाज फक्त माइकमधून येतो. हे दोन्ही लक्षात ठेवा.

माइक निवडताना मी वायर आधी बघतो. गुंडाळी ताणून सोडली की पटकन परत यायला हवी, आणि वायर जिथे पिनेच्या ठोकळ्यात शिरते आणि जिथे माइकच्या पोटात शिरते तिथे जाड रबरी गळा हवा. स्वस्तातला माइक नेहमी तिथेच तुटतो. मागची क्लिप फिरणारी आणि कडक स्प्रिंगची हवी, बटण हातमोजा घातला तरी कळेल असं. पावसाळ्यात वापरणार असाल तर आयपी रेटिंग (धूळ-पाणी किती सोसेल त्याचा आकडा) बघा, आयपी५४ म्हणजे शिंतोडे सोसेल, आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पण हे आकडे माइकचे, जोडणीचे नाहीत. सेट कितीही वॉटरप्रूफ असू दे, माइक लावायला तुम्ही त्याचं रबरी झाकण उघडलंत की तिथून पाणी आत जायला वाट झाली, फक्त स्क्रूवाल्या आणि सील असलेल्या जोडणीत ती भीती कमी.

लावायची पद्धत

सेट बंद करा. झाकण उघडा, पिनेचा ठोकळा सरळ धरा, अंगठ्याने दाबत पूर्ण आत जाईपर्यंत दाबा. यूव्ही-५आरसारख्या सेटमध्ये शेवटी एक हलका टक असा अटकाव जाणवतो, तो जाणवेपर्यंत बसली असं समजू नका. सेट आणि ठोकळा यांच्यात फट दिसत असेल तर सेटचं कव्हर आड येतंय का बघा, सिलिकॉनच्या कव्हरमुळे पिन पूर्ण न बसणं फार कॉमन आहे. मग सेट चालू करा, आवाज अगदी कमी ठेवून, आणि चालू झाल्या झाल्या लाल दिवा लागलेला नाही ना ते बघा. यूव्ही-५आरवर लाल म्हणजे तुम्ही ट्रान्समिट करताय, हिरवा म्हणजे सिग्नल येतोय. बटण न दाबता लाल लागला तर लगेच पिन काढा.

या पिनेला स्क्रू नसतो, नुसत्या पकडीवर बसते, त्यामुळे चढताना वायर ओढली जाते आणि पिन दोन मिलिमीटर वर येते. तेवढ्याने स्पीकर गप्प होतो. माणूस मजेत चालत राहतो, त्याला वाटतं कोणी बोलतच नाहीये आणि मागचे घसा कोरडा करतायत. म्हणून ठोकळ्यावरून आणि सेटभोवती कापडी टेपचा एक वेढा द्या किंवा सायकलच्या ट्यूबचा एक रिंगसारखा तुकडा कापून चढवा. आणि दर मोठ्या चढानंतर, पाणी प्यायला थांबलात की, अंगठ्याने पिन एकदा दाबायची, हातच तिकडे जायला पाहिजे अशी सवय लावून घ्या.

थोड्या सेटिंग

यूव्ही-५आरचे मेनू नंबर देतो कारण तोच सगळ्यांकडे असतो, दुसरा सेट असेल तर याच नावाने शोधा. मेनू ४ व्हॉक्स, तो बंद पाहिजे, नाहीतर वाऱ्याचा आवाज आणि तुमची धाप ऐकूनच सेट ट्रान्समिट करायला लागेल. मेनू ९ टाइम आउट टाइमर, तो ६० सेकंदांवर ठेवा, हा सगळ्यात महत्त्वाचा, का ते खाली येतंय. मेनू ३९ रॉजर बीप, बंद करा, ग्रुपमध्ये दहा सेट असले की प्रत्येक वाक्यानंतरचं ते टूंक डोकं उठवतं. मेनू ३ बॅटरी सेव्ह, तो चालू राहिला तरी चालतो पण त्याचा परिणाम माहीत असू द्या: कोणी बोलत नसेल तर रिसीव्हर मधूनमधून झोपतो आणि कोणी बोलायला लागलं की जागा होईपर्यंत पहिलं अक्षर खाल्लं जातं. शेवटी हॅशचं बटण दाबून धरा, की-पॅड लॉक होतो, कारण सेट आता बॅगेत जाणार आहे आणि तिथे पाण्याच्या बाटलीने फ्रिक्वेन्सी बदलली तर ट्रेकच्या मध्यावर कळणार नाही.

निघण्याआधी टेस्ट

पायथ्याला, गाडीतून उतरल्यावर, सगळे एकत्र असतानाच टेस्ट करा पण एकमेकांना खेटून नको. दोन सेट शेजारी असले आणि एकाने बटण दाबलं की दुसऱ्याच्या स्पीकरचा आवाज पहिल्याच्या माइकमध्ये शिरतो आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते. पंचवीस-तीस पावलं लांब जा, पॉवर लोवर ठेवा, चॅनल रिकामा आहे ना ते ऐका, हॅम असाल तर कॉलसाइन सांगा आणि मग बोला. समोरच्याला फक्त "ऐकू येतंय का" विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी "हो" येतं. विचारा की आवाज फाटतोय का, दबका आहे का, मागे गुणगुण येतेय का, पहिलं अक्षर तुटतंय का. एक मोठं वाक्य बोला, त्यात आकडे घाला, आणि त्याला परत म्हणून दाखवायला लावा. नंतर पॉवर हायवर टाकून तेच पुन्हा करा, कारण काही दोष फक्त हायवर दिसतात.

तो दोष म्हणजे गुणगुण किंवा घरघर, किंवा आवाज रोबोटसारखा होणं. सेटची रेडिओ लहर माइकच्या वायरमध्ये शिरते आणि तिथून परत तुमच्या आवाजात मिसळते. लोवर साफ, हायवर खराब, असं असेल तर कारण जवळपास नक्की हेच. उपाय सोपे आहेत, वायर अँटेनापासून लांब न्या, अँटेनाभोवती गुंडाळी पडू देऊ नका, तरी राहिलं तर लॅपटॉपच्या चार्जरच्या वायरवर तो काळा फुगीर गठ्ठा असतो ना तसला क्लिपचा फेराइट मिळतो, तो पिनेच्या जवळ वायरवर लावा. तेही नाही जमलं तर त्या दिवशी लो पॉवरवर काम करा.

अंगावर कसा घालायचा

इथे जरा वेळ घालवा, कारण खरा फायदा इथेच मिळतो.

ट्रेकला माझ्या मते सगळ्यात चांगली जागा म्हणजे सॅकचा वरचा खिसा किंवा खांद्याच्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला बांधलेलं पाउच, अँटेना सरळ वर, खांद्याच्या वर निघालेली. अँटेना उभीच हवी, आडवी नाही, कारण समोरच्याचीही उभी असते आणि दोन्ही एकाच दिशेत असल्या की सिग्नल चांगला पकडतो. सॅकमध्ये स्टीलची बाटली, स्टोव्ह, भांडी असतील तर ती अँटेनाच्या शेजारी नकोत. वायर खांद्याच्या पट्ट्याखालून पुढे आणा, छातीच्या पट्ट्याच्या वरून, आणि मध्ये हाताच्या पंजाएवढा ढिला भाग सोडा, म्हणजे मान वळवली, वाकलात, तर ओढ पिनेवर येणार नाही. उरलेली वायर लोंबकळत ठेवायची नाही, झुडपात अडकते, आणि करवंदीच्या जाळीत एकदा गुंतली की माणूस झटका देतो आणि वायर गळ्यापाशी तुटते.

माइक गळपट्टीच्या हाडाजवळ लावा, तोंड खाली वळवलं की तोंडाजवळ येईल असा. कुठल्या बाजूला? ज्या हाताने तुम्ही खडक धरता किंवा काठी धरता तो हात मोकळा राहिला पाहिजे, म्हणून उजव्या हाताच्या माणसाने डाव्या बाजूला लावावा आणि डाव्या हाताने बटण दाबावं. क्लिप जाड पट्ट्यावर लावा, टी-शर्टच्या गळ्याला लावू नका, तो लोंबतो आणि फिरत राहतो. आणि सॅक काढून ठेवताना आधी माइक सोडवा, सॅक नंतर. सॅक जमिनीवर आणि माइक अजून शर्टाला, मग माणूस उठतो आणि सेट खिशातून बाहेर खेचला जातो, हे दर ट्रेकला कोणाचं तरी होतंच.

राजगड-तोरणा करताना हा फरक छान कळतो. राजगडाच्या संजीवनी माचीवरून अळू दरवाज्यातून उतरून सोंडेने तोरण्याच्या बुधला माचीकडे जायचं, लीड बराच पुढे, स्वीप शेवटच्या दमलेल्या माणसाबरोबर. सोंडेवर असेपर्यंत कमरेचा सेटही चालतो, पण स्वीप खिंडीत उतरला किंवा झाडीत शिरला की त्याचा आवाज तुटायला लागतो. तेव्हा करायचं काय, तर सेट पाउचमधून काढायचा, हात वर करून डोक्याच्या वर उभा धरायचा आणि माइकवर बोलायचं. माइक नसेल तर हे करताच येत नाही, कारण सेट वर धरला तर बोलणार कशात. व्हीएचएफवर दोन-चार पावलं इकडेतिकडे सरकल्यानेही फरक पडतो, एका जागी मरगळलेला सिग्नल हातभर बाजूला गेल्यावर उठतो. म्हणून "ऐकू येत नाही" म्हणून हताश होण्याआधी सेट वर, दोन पावलं बाजूला, परत एकदा. डोंगरच मध्ये असेल तर मात्र काही चालत नाही, तिथे मधल्या उंचवट्यावर एक माणूस उभा करून निरोप पुढे द्यायचा.

बोलायचं कसं

माइकचं भोक शोधा. खरंच शोधा, हातात घेऊन. समोर जी मोठी जाळी दिसते तो स्पीकर आहे, माइकचं भोक टाचणीएवढं असतं, कोपऱ्यात किंवा जाळीच्या खाली, बऱ्याचदा शेजारी बारीक अक्षरात माइक असं लिहिलेलं असतं. नवीन लोक जाळीत बोलतात आणि अंगठ्याने भोक झाकतात. भोकाच्या शेजारी नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवा, ग्रुपच्या सगळ्या माइकना, म्हणजे कोणाच्याही हातात गेला तरी कळेल.

बटण दाबा, मनात "एक" म्हणा, मग बोला. समोरच्याचा सेट जागा व्हायला, टोन (आवाजाबरोबर जाणारा ओळखीचा सूर) ओळखायला आणि रिपीटर (उंचावरून सिग्नल पुढे पाठवणारा सेट) वापरत असाल तर तो उघडायला तेवढा वेळ लागतो. न थांबता "थांबा, पुढे येऊ नका" म्हणालात तर तिकडे "पुढे येऊ नका"चंही अर्धंच पोचेल, आणि कड्यावर अर्धं वाक्य धोक्याचं असतं. तसंच शेवटचं अक्षर पूर्ण झाल्यावर बटण सोडा.

माइक तोंडापासून चार बोटांवर, आणि समोर नाही, ओठांच्या जरा बाजूला, म्हणजे श्वास थेट भोकावर आपटत नाही. आवाज नेहमीचा. ओरडायचं नाही. एफएम सेटमध्ये ओरडल्याने लांब पोचत नाही, ठराविक मर्यादेच्या पुढचा आवाज सेट कापून टाकतो आणि तिकडे नुसतं फाटलेलं ऐकू येतं. कोकणकड्यावर किंवा नाणेघाटात वारा सुटला असेल तर वाऱ्याकडे पाठ करा, माइक छाती आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याच्या आडोशाला धरा, तळवा भोकाला न लावता. टोपीची कड, जॅकेटची कॉलर, काहीही आडोसा चालतो.

मिरवणुकीत प्रश्न उलटा. लक्ष्मी रोडला दोन ढोल पथकांच्या मध्ये उभे असाल तर बोलणं एक वेळ जमतं पण ऐकू काही येत नाही. बहुतेक स्पीकर माइकना खाली ३.५ मिमीचं छोटं भोक असतं, त्यात एका कानाचा इअरपीस लावा, स्पीकर बंद होऊन आवाज कानात येतो. लावताना आवाज आधी पूर्ण कमी करा, कानात घाला, मग हळूहळू वाढवा, हा क्रम उलटा केलात तर कानाला इजा होते. बोलताना ढोलाकडे पाठ, माइक ओठांना जवळजवळ टेकवून, छोटी वाक्यं. आणि तिथे खांद्यावर माइक ठेवून मान वळवून बोलणं विसरा, हातात घ्यायलाच लागतो. इअरपीस काढल्यावर पिनही काढा, नाहीतर स्पीकर बंदच राहील आणि माइक खराब झाला म्हणून तुम्ही डीलरकडे न्याल.

अडकलेलं बटण

टाइम आउट टाइमर का, ते आता सांगतो. कोणाचा तरी माइक सॅकच्या पट्ट्याखाली दाबला जातो, बटण दाबलेलं राहतं, आणि त्या क्षणापासून अख्खा चॅनल बंद. सगळ्यांना फक्त एका माणसाची धाप, कपड्यांची घासाघीस आणि बुटांचा आवाज येत राहतो. आणि खरी अडचण अशी की त्या माणसाला हे सांगताही येत नाही, कारण त्याचा सेट बोलतोय तोपर्यंत तो ऐकू शकत नाही. ६० सेकंदांचा टाइमर असेल तर सेट स्वतःच थांबतो, बहुतेक सेट टूंटूं करतात आणि माणूस जागा होतो. टाइमर नसेल तर बॅटरी संपेपर्यंत चालू, आणि त्याच वेळात कोणाचा पाय मुरगळला तर निरोप जाणार नाही.

तेव्हा चॅनलवर अशी धाप ऐकू आली तर प्रत्येकाने पहिल्यांदा आपला स्वतःचा लाल दिवा बघायचा. ज्याचा पेटलेला आहे त्याने माइक सोडवून बटण मोकळं करायचं, तरी लाल राहिला तर पिन उपसायची. पिन काढल्यावर दिवा गेला म्हणजे दोष माइकमध्ये किंवा ओल्या पिनेत, सेट ठीक आहे, तो नुसता हातात धरून वापरा. निघण्याआधी एक पर्यायी चॅनल ठरवून ठेवा आणि सगळ्यांना पाठ करून घ्या: मुख्य चॅनल असा अडकला तर ज्यांना ऐकू येतंय ते सगळे तिकडे जातील.

पावसात

सह्याद्रीतला पाऊस आडवा येतो, माइकच्या जाळीत पाणी साचतं आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. भोक खाली करून दोन झटके द्या, तळहातावर हलकेच आपटा, मोकळा होतो. भोकात काडी, टाचणी, सुई अजिबात घालू नका, आत लगेच पातळ पडदा असतो, तो फाटला की माइक गेला. फुंकर पण जोराने नको. पिनेच्या ठोकळ्यावर प्लास्टिकची छोटी पिशवी उलटी बांधली, तोंड खाली, तर पाणी ओघळून जातं. पूर्ण सेट पिशवीत घालून अँटेना फक्त बाहेर काढली तरी चालतं, माइक बाहेरच असल्यामुळे सेटला हात लावायची गरजच पडत नाही, हाही माइकचाच फायदा.

घरी आल्यावर माइक काढून ठेवा, लावलेला ठेवू नका, आत ओल राहते. कोरड्या कपड्याने पुसा, पिना कापसाच्या काडीवर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, खासकरून कोकणातून किंवा घामाच्या ट्रेकवरून आल्यावर, कारण मिठामुळे पिनेवर थर चढतो आणि पुढच्या वेळी खरखर होते. सावलीत वाळवा, गाडीच्या डॅशबोर्डवर नको. झाकण परत लावा. सेटमध्ये फ्रिक्वेन्सी भरायची केबलही त्याच भोकात जाते, त्यामुळे ते साफ असलेलं तुमच्याच सोयीचं. ठेवताना वायर सेटभोवती घट्ट गुंडाळू नका, तिच्या स्वतःच्या गुंडाळीत सैल राहू द्या, आणि माइकच्या वायरला धरून सेट उचलू किंवा लटकवू नका.

वायर आतून तुटली आहे का हे ओळखायची एक सोपी युक्ती. यूव्ही-५आरवर पीटीटीच्या खालचं बटण दाबून धरलं की स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर दाबून ठेवणारी सोय) उघडतो आणि सतत खरखर ऐकू येते. ती चालू ठेवून दुसऱ्या माणसाला वायर गळ्यापाशी हळूहळू वाकवायला सांगा, आधी पिनेकडच्या बाजूला, मग माइककडच्या. खरखर मध्येच तुटली, परत आली, तर तार तिथेच गेली आहे. बोलण्याच्या तारेसाठी हेच बटण दाबून बोलत आणि दुसऱ्या सेटवर ऐकत करा, लो पॉवरवर. सोल्डरिंग येत असेल तर तेवढा भाग कापून परत जोडता येतो, नाहीतर काहीशे रुपयांचा माइक बदला. पण तो खराब माइक ग्रुपच्या पेटीत परत टाकू नका, त्याला लगेच लाल टेप लावा आणि दोष काय ते त्यावर लिहा, "ऐकू येतं, बोलता येत नाही" असं स्पष्ट, कारण पुढच्या शनिवारी पहाटे अंधारात पेटीतून तोच माइक एखाद्या नव्या स्वीपच्या हातात जाईल.